जुना टर्बो-४०० ऑटोमॅटिक गिअरबॉक्स दणदणीत इंजिनामागे टिकवायचा कसा

माझ्या १९७१च्या शेव्हरोले शेव्हेलमध्ये ४५४ घनइंचांचं बिग ब्लॉक, म्हणजे मोठं व्ही-८ इंजिन बसवलं तेव्हा बघायला आलेल्या प्रत्येकाने इंजिनाबद्दलच विचारलं, कॅम (इंजिनाचे व्हॉल्व्ह उघडणारा दांडा) कुठला, कार्ब्युरेटर कुठला, पॉवर किती. त्या इंजिनामागे लटकलेल्या गिअरबॉक्सबद्दल कोणी काही विचारलं नाही आणि मीही त्याचा फार विचार केला नव्हता, टर्बो-४०० आहे म्हणजे तुटायचा नाही एवढंच डोक्यात. तुटला नाहीच, पण एका उन्हाळ्यात जळला. तिसऱ्या गिअरला रेस दिली की इंजिन नुसतं वर जायचं आणि गाडी तिथल्या तिथे. बॉक्सच्या तळाचा तेलाचा पॅन उघडला तर तेल चहासारखं तपकिरी आणि वास जळक्या फोडणीचा.

तेव्हापासून हा बॉक्स मी तीनदा उघडला, दोनदा दुसऱ्यांच्या गाड्यांत बसवायला मदत केली, आणि एक गोष्ट पक्की कळली की धडधाकट जुना ऑटोमॅटिक हॉर्सपॉवरमुळे क्वचितच जातो, तो जातो उष्णतेने, कमी प्रेशरने आणि बसवताना केलेल्या घाईने. त्यामुळे पुढे जे लिहिलंय ते याच तीन गोष्टींभोवती आहे. डेट्रॉइटच्या आसपास आपली बरीच मराठी मंडळी गाड्यांच्या कंपन्यांत आहेत, त्यातले काही जण आता जुनी गाडी घ्यायचा विचार करतायत, त्यांच्यासाठी मुद्दाम सविस्तर लिहितोय.

हा बॉक्स नक्की काय आहे

जनरल मोटर्सने टर्बो हायड्रामॅटिक ४०० पहिल्यांदा १९६४च्या मॉडेलमध्ये कॅडिलॅक आणि ब्युइकला दिला, शेव्हरोलेला १९६५पासून. तीन गिअर, रेशो २.४८, १.४८ आणि १.००. १९७०ची शेव्हेल एसएस एलएस-६ इंजिनासकट यायची, कंपनीचाच आकडा ४५० हॉर्सपॉवर आणि ५०० फूट-पौंड टॉर्क, आणि तिच्यात ऑटोमॅटिक हवा असेल तर हाच मिळायचा. रोल्स-रॉइस, जॅग्वार, एवढंच कशाला १९७६मध्ये फेरारीने आपली पहिली ऑटोमॅटिक गाडी काढली, ४०० ऑटोमॅटिक, तिच्यातही हाच बॉक्स. अमेरिकन सैन्याच्या हमवीतही. म्हणजे ताकदीची शंका घ्यायचं कारण नाही. इथून जवळच इप्सिलँटीला विलो रनचा कारखाना होता, दुसऱ्या महायुद्धात तिथे बी-२४ बॉम्बर विमानं बनायची आणि १९५३ला लिव्होनियाचा कारखाना आगीत गेल्यावर हायड्रामॅटिक तिथे हलवलं, पुढे २०१०पर्यंत तो चालू होता. त्या रस्त्याने जाताना मला अजून भरून येतं.

विकत घेताना काय बघायचं

जंकयार्डमध्ये खाली वाकून पॅन बघा. टर्बो-४००चा पॅन वेडावाकडा असतो, लोक त्याला टेक्सासच्या नकाशासारखा म्हणतात आणि ते बरोबर आहे. त्याच कंपनीच्या लहान टर्बो-३५०चा पॅन चौकोनी, एक कोपरा कापलेला. दोन्हीला बोल्ट तेराच, त्यामुळे नुसते बोल्ट मोजून उपयोग नाही. दुसरी खूण म्हणजे ४००ला किकडाउन (पॅडल पूर्ण दाबल्यावर खालचा गिअर पाडणारी सोय) विजेवर चालतं, बाजूला वायरचा कनेक्टर असतो, ३५०ला केबल. कनेक्टरला दोन पिना असतील आणि बॉक्स १९६५ ते ६७च्या दरम्यानचा ब्युइक, ओल्ड्समोबिल किंवा कॅडिलॅकमधला असेल तर तो स्विच-पिच कन्व्हर्टरवाला असू शकतो (कन्व्हर्टर म्हणजे काय ते पुढे येतंय), तो वेगळा प्रकार आहे, नेहमीचा कन्व्हर्टर त्याला बसत नाही.

बेल हाउसिंग, म्हणजे इंजिनाला बोल्टने लागणारा पुढचा घंटेसारखा भाग, केसमध्येच ओतलेलं असतं, त्यामुळे शेव्हरोलेच्या इंजिनाला शेव्हरोलेच्याच भोकांचा बॉक्स हवा, ब्युइक-ओल्ड्स-पॉन्टिअॅकचा पॅटर्न वेगळा. अॅडॅप्टर प्लेट मिळतात पण जिथे सरळ बॉक्स मिळतोय तिथे एक जास्तीची चकती कशाला मध्ये घालायची. शेपटीची, म्हणजे मागच्या नळकांड्याची लांबीही बघा, ४ इंची, ९ इंची आणि १३ इंची अशा तीन येतात, बहुतेक गाड्यांना ४ इंची लागते.

आधी कागदावर हिशोब

या बॉक्सला ओव्हरड्राइव्ह (हायवेला इंजिन हळू फिरू देणारा वरचा गिअर) नाही आणि लॉक-अपही (कन्व्हर्टरची घसरण बंद करणारा क्लच) नाही. मागचा अॅक्सल रेशो (चाकाच्या एका फेऱ्याला प्रॉपेलर शाफ्टचे किती फेरे) किती आणि टायर केवढा यावर हायवेचं सगळं सुख-दुःख ठरतं. हिशोब सोपा आहे, ताशी मैल गुणिले अॅक्सल रेशो गुणिले ३३६, भागिले टायरचा व्यास इंचात. २८ इंची टायर आणि ३.०८चा अॅक्सल असेल तर ७० मैलांना जवळपास २५९० आरपीएम, ३.७३ला ३१३० आणि ४.१०ला ३४४० च्या वर. हे कन्व्हर्टर अजिबात घसरत नाही असं धरून, प्रत्यक्षात अजून थोडे वर. रोज हायवेने ऑफिसला जाणार असाल आणि ४.१० लावायचाय, तर हा बॉक्स तुमच्यासाठी नाही, सरळ ४एल८०-ई बघा, १९९१ला आलेला, याच्याच वंशातला, तेच तीन रेशो अधिक ०.७५चा ओव्हरड्राइव्ह. त्याला कंप्युटर लागतो, वायरिंग लागतं, खर्च वाढतो. मला ती तारांची भानगड नको होती म्हणून मी ४००वर राहिलो, आणि ३.३१चा अॅक्सल लावला.

कन्व्हर्टर, इथेच माझं चुकलं

टॉर्क कन्व्हर्टर म्हणजे इंजिन आणि गिअरबॉक्समधली तेलाची जोडणी. स्टॉल स्पीड म्हणजे ज्या आरपीएमपर्यंत इंजिन त्याच्याविरुद्ध फिरू शकतं आणि मग अडतं तो आकडा. मोठा कॅम लावला की खालच्या आरपीएमला इंजिनात दम नसतो, म्हणून जास्त स्टॉलचा कन्व्हर्टर लावतात. इथपर्यंत सगळ्यांना माहीत असतं. जे लोक विसरतात ते हे, की स्टॉल हा कन्व्हर्टरवर छापलेला कायमचा आकडा नाही. तोच कन्व्हर्टर जास्त टॉर्कच्या इंजिनामागे जास्त आरपीएमला अडतो. छोट्या ३५० इंजिनामागे २८०० दाखवणारा कन्व्हर्टर ४५४च्या मागे सहज त्याच्या वर जातो.

मी कॅटलॉगमध्ये बघून ३५००चा घेतला होता, तेव्हा अॅक्सल ३.०८चा होता. म्हणजे हायवेला इंजिन २६००च्या आसपास, कन्व्हर्टरच्या स्टॉलच्या बरंच खाली, तो सारखा घसरत राहायचा आणि घसरण म्हणजे सगळी तेलात जाणारी उष्णता. वरून ऑगस्टच्या तिसऱ्या शनिवारची वुडवर्ड ड्रीम क्रूझ, मुंगीच्या पावलाने चालणारी रांग, उन्हाने तापलेला डांबरी रस्ता, आणि कूलर फक्त रेडिएटरमधला. तिसऱ्या गिअरचे क्लच तिथेच जळायला लागले असणार, कळलं दोन आठवड्यांनी.

म्हणून कन्व्हर्टर घेताना बनवणाऱ्याला फोन करा आणि खरं सांगा, गाडीचं वजन, अॅक्सल रेशो, टायर, कॅमचे आकडे, इंजिनाचा टॉर्क कुठे येतो, आणि गाडी रस्त्यावर किती चालणार. पॉवर फुगवून सांगू नका. रस्त्यावरच्या गाडीला हायवेचं आरपीएम स्टॉलच्या फार खाली पडता कामा नये, हा माझा आता नियम आहे. मी नंतर २४००च्या आसपासचा घेतला आणि कॅम एक नंबर लहान केला, गाडी सिग्नलवरून आधीपेक्षा बरी निघते.

आत काय बदलायचं

नवीन क्लच, स्टील प्लेट, सगळे सील, बुशिंग आणि फिल्टर हे तर आलंच. त्यापलीकडे तीन गोष्टी.

पहिली शिफ्ट किट. कारखान्यातून हा बॉक्स मऊ गिअर टाकायचा, कॅडिलॅकमधल्या माणसाला झटका लागू नये म्हणून, आणि मऊ म्हणजे क्लच क्षणभर घसरत पकडणार. ४५४च्या टॉर्कखाली ती घसरण क्लच खाऊन टाकते. शिफ्ट किटमध्ये सेपरेटर प्लेटची भोकं मोठी करतात, स्प्रिंग बदलतात, मग पकड पटकन येते. व्हॉल्व्ह बॉडी, म्हणजे तेल कुठे जायचं ते ठरवणारा भाग, काढताना आतल्या चेक बॉल कुठे आहेत त्याचा फोटो आधी काढा, मग हात लावा. त्या छोट्या स्टीलच्या गोळ्या टेबलाखाली गेल्या की रात्र जाते.

दुसरी म्हणजे डायरेक्ट क्लचला ड्युअल फीड. तिसऱ्या गिअरचा जो डायरेक्ट क्लच आहे तोच रिव्हर्सलाही लागतो. रिव्हर्समध्ये त्याच्या पिस्टनच्या पूर्ण क्षेत्रफळावर तेलाचं प्रेशर येतं पण तिसऱ्यात फक्त काही भागावर. ड्युअल फीड केलं की तिसऱ्यातही पूर्ण पिस्टन दाबतो, पकड वाढते. माझा जिथे जळला होता नेमका तोच क्लच. पण हे केलं की तिसरा गिअर जोरात लागतो, म्हणून शिफ्ट किटच्या कागदात जी रिंग किंवा सील काढायला सांगितलंय तेवढंच काढा, आपल्या मनाने काही नको.

तिसरी इंटरमीडिएट स्प्रॅग, म्हणजे एकाच दिशेने फिरू देणारा क्लच. पहिल्या गिअरमध्ये डायरेक्ट ड्रम उलटा फिरत असतो, दुसरा टाकताना तो स्प्रॅग त्याला जागच्या जागी थांबवतो, आणि तिसऱ्यात तोच ड्रम इंजिनासोबत सरळ फिरायला लागतो. फुल रेसवर पहिल्यावरून दुसऱ्यावर जाताना तो सगळा फिरता लोखंडी गोळा एका क्षणात थांबतो, धक्का सगळा स्प्रॅगवर. जुन्या बॉक्समध्ये १६ एलिमेंटचा स्प्रॅग, नंतरच्यांत रोलर क्लच. जोरदार इंजिनाला ३४ एलिमेंटचा घालतात. नुसता स्प्रॅग बदलून चालत नाही, त्याच्यासोबतची रेस (ज्यावर तो पकडतो ते स्टीलचं कडं) आणि ड्रमही जुळणारे लागतात. रस्त्यावरच्या साध्या गाडीला हे नसलं तरी चालेल, ड्रॅग स्ट्रिपवर, म्हणजे सरळ रेषेतल्या शर्यतीच्या पट्टीवर जाणार असाल तर यात काटकसर करू नका.

मॅन्युअल व्हॉल्व्ह बॉडीचा मोह होतो, प्रत्येक गिअर स्वतः टाकायचा. स्ट्रिपवर छान, ट्रॅफिकमध्ये पंधरा मिनिटांत कंटाळा येतो.

बसवणं, आणि इथे घड्याळाकडे बघायचं नाही

फ्लेक्सप्लेट आधी, म्हणजे इंजिनाच्या क्रँकला लागणारी आणि कन्व्हर्टर जिला बोल्टने जोडतात ती पातळ चकती. ४५४ बाहेरून बॅलन्स केलेलं इंजिन आहे, त्याला त्याचीच वजन लावलेली फ्लेक्सप्लेट लागते, ३९६ किंवा ४२७ची लावली तर गाडी थरथरत राहते आणि बुशिंग मरतात. कन्व्हर्टरच्या बोल्टचं वर्तुळ ४००ला साधारण ११.५ इंच, ३५०ला १०.७५, बऱ्याच प्लेटना दोन्ही भोकं असतात पण बघून घ्या. इंजिनाच्या मागच्या दोन डॉवेल पिना जागेवर आहेत ना तेही बघा, त्या नसतील तर बॉक्स किंचित तिरका बसतो आणि पंपाचं बुशिंग घासून जातं, मग पुढून तेल गळतं आणि लोक सील बदलत बसतात.

कन्व्हर्टरमध्ये एक क्वार्ट तेल ओता. मग तो बॉक्सवर सरकवा, फिरवत फिरवत, दाबत. तीन टप्प्यांत आत जातो, इनपुट शाफ्टचे दाते, स्टेटरचा सपोर्ट आणि शेवटी पंपाचा गिअर. प्रत्येक टप्प्याला ठक असा आवाज होतो, हाताला कळतो. तिसरा ठक झाल्याशिवाय बॉक्स इंजिनाला लावायचा नाही. बेल हाउसिंग इंजिनाला टेकल्यावर कन्व्हर्टर हाताने मोकळा फिरला पाहिजे, आणि त्याचे पॅड आणि फ्लेक्सप्लेट यांच्यात एक सूत ते दीड सूत (सूत म्हणजे इंचाचा आठवा भाग) फट असली पाहिजे. अर्ध्या सुतापेक्षा कमी असेल तर काहीतरी नीट गेलेलं नाही, दीड सुताच्या वर असेल तर योग्य जाडीचे वॉशर. बेल हाउसिंग आणि इंजिन यांच्यात फट राहिली असेल तेव्हा बेलचे बोल्ट आवळून बॉक्स ओढून घ्यायचा हा प्रकार कधीच करू नका, पंपाचा गिअर पहिल्या स्टार्टला फुटतो. एका मित्राच्या गॅरेजमध्ये हे माझ्या डोळ्यादेखत झालं, नवा बांधलेला बॉक्स दहा सेकंद चालला.

३५० काढून ४०० लावताय तर मागचा माउंट जवळपास सात इंच मागे जातो, क्रॉसमेंबर हलवावा लागतो, फ्रेमला मागे भोकं आहेत का आधी बघा. एकूण लांबीत मात्र ४ इंची शेपटीचा ४०० आणि ६ इंची शेपटीचा ३५० यांत अर्ध्या इंचाचाच फरक, त्यामुळे प्रॉपेलर शाफ्ट कधीकधी तोच चालतो, योक (शाफ्टचं बॉक्समध्ये सरकणारं टोक) मात्र बदलावाच लागतो, ४००चा ३२ दात्यांचा आणि ३५०चा २७चा. योक पूर्ण आत ढकलून मग पाऊण ते एक इंच बाहेर आलेला असावा.

जनरल मोटर्सच्या नव्या पिढीच्या एलएस व्ही-८ इंजिनामागे बसवणाऱ्यांना एवढंच सांगतो, बहुतेक एलएसचा क्रँकचा फ्लँज जुन्या स्मॉल ब्लॉकपेक्षा सुमारे ०.४ इंच आत असतो, म्हणून क्रँक आणि फ्लेक्सप्लेटमध्ये स्पेसर आणि लांब बोल्ट लागतात, नाहीतर कन्व्हर्टरच्या नाकाला आधारच मिळत नाही. काही सुरुवातीच्या ६.० लिटर इंजिनांना लांब क्रँक होता, मोजून घ्या.

व्हॅक्युम मॉड्युलेटर आणि किकडाउन

इंजिनावर किती लोड आहे हे या बॉक्सला मॉड्युलेटर सांगतो, व्हॅक्युम कमी म्हणजे लोड जास्त म्हणजे प्रेशर वाढव. नळी थेट मॅनिफोल्डला लावा, कार्ब्युरेटरच्या त्या पोर्टला नको जिथे आयडलला व्हॅक्युम नसतं. मोठ्या कॅमला आयडलचं व्हॅक्युम मुळातच कमी, मग गिअर उशिरा आणि दणकून पडतात, त्यासाठी स्क्रूने सेट होणारा मॉड्युलेटर घ्या. पण स्क्रू फिरवून गिअर मऊ करत बसू नका, मऊ म्हणजे कमी प्रेशर, आणि कमी प्रेशरची किंमत क्लच भरतात. नळी काढल्यावर आत लाल तेल दिसलं तर पडदा फाटलाय, इंजिन तेल ओढून पांढरा धूर काढतंय. टर्बो किंवा सुपरचार्जर असेल तर बूस्ट मॉड्युलेटरमध्ये जाऊ नये म्हणून मध्ये एकदिशा व्हॉल्व्ह हवा.

किकडाउनला १२ व्होल्टची एक वायर, पॅडल पूर्ण दाबल्यावर स्विच चालू होईल अशी. जोडली नाही तरी गाडी चालते, फक्त ओव्हरटेकला खालचा गिअर पडत नाही.

प्रेशर गेज लावा, हे कुणी करत नाही. केसच्या डाव्या बाजूला छोटा प्लग असतो तिथे ३०० पीएसआयचं गेज. ड्राइव्हमध्ये आयडलला चांगल्या व्हॅक्युमवर साधारण ६०-७०, नळी काढली की १५०च्या आसपास चढायला हवं. चढत नसेल तर गाडी रस्त्यावर नेऊ नका.

थंड ठेवणं

तेल १७५ फॅरनहाइटच्या आसपास राहिलं तर वर्षानुवर्षं चालतं. २४०च्या वर गेलं की त्याचा थर आतल्या भागांवर चिकटायला लागतो, आणखी वर सील कडक होतात. रेडिएटरमधला कूलर आधी आणि नंतर बाहेरचा स्टॅक्ड-प्लेट कूलर, या क्रमाने लावा, कूलर समोर हवेत, जमल्यास स्वतःच्या पंख्यासकट. ४००च्या उजव्या बाजूला दोन फिटिंग असतात, खालचं फिटिंग तेल बाहेर नेतं, वरचं परत आणतं. रबरी नळी कमीत कमी, एक्झॉस्टपासून हातभर लांब. तापमानाचं गेज पॅनमध्ये लावा आणि ड्रायव्हरला दिसेल असं. माझ्या गाडीत ते स्पीडोमीटरच्या शेजारी आहे, आणि मी त्याच्याकडे स्पीडोमीटरपेक्षा जास्त बघतो. गेल्या क्रूझला २०५च्या वर गेलं नाही.

पहिला स्टार्ट

पाच क्वार्ट तेल घालून चालू करा, लगेच ओतत राहा, कारण पंप कन्व्हर्टर भरून घेत असतो. कोरड्या बॉक्सला कन्व्हर्टरसकट एकूण साधारण ११ क्वार्ट लागतात, मोठा पॅन असेल तर जास्त. पाय ब्रेकवर ठेवून सगळे गिअर एकेक करून फिरवा. लेव्हल बघायची ती पार्कमध्ये, इंजिन चालू, तेल गरम. जास्त भरलं तर फेस होतो आणि फेसाने प्रेशर येत नाही, म्हणजे जास्त तेलानेही क्लच जळतात. गाडी फक्त पार्क आणि न्यूट्रललाच स्टार्ट होते ना, हे तपासल्याशिवाय गॅरेजचं दार उघडू नका.

पहिले शंभर-दीडशे मैल हळू. ब्रेकवर धरून रेस देऊन स्टॉल बघायचा असेल तर दोन-तीन सेकंद, त्याहून जास्त नाही, तेवढ्यातही तेल झपाट्याने तापतं. स्ट्रिपवर जाणार असाल तर एसएफआय (शर्यतीच्या सुट्या भागांचे सुरक्षा-दर्जे ठरवणारी संस्था) २९.१ची फ्लेक्सप्लेट, ३०.१चं तिच्यावरचं कवच आणि ४.१चं ट्रान्समिशनचं कवच यांचे नियम तुमची गाडी स्ट्रिप किती सेकंदांत कापते त्याप्रमाणे आधी वाचा. ड्रम फुटला तर तो तुमच्या पायाशी असतो, नियम नसता तरी मी कवच लावलं असतं.

पाचशे मैलांनी पॅन उतरवा. तळाशी बारीक राखाडी चिखलासारखा थर असेल तर नव्या क्लचचं नेहमीचं घासणं आहे, पुसून नवा फिल्टर लावा आणि पॅनचे बोल्ट १२ फूट-पौंडांवर थांबवा. काळे तुकडे दिसले तर क्लच जातायत, पिवळसर चमक दिसली तर बुशिंग किंवा थ्रस्ट वॉशर, आणि चुंबकाला चिकटणारे स्टीलचे कण बोटाला टोचले तर गाडी तिथेच उभी करून बॉक्स परत खाली घ्या.